पाहिंगच्या बाजाराची यादी

वागियेमनं वीस वर्षं जावा बेटावरच्या केतोप्राक या लोकनाट्याच्या मंडळीत काम केलं, पण तोंडाला रंग एकदाही लावला नाही. राजाचा मुकुट कुठल्या खुंटीला, राणीनं कुठल्या वाक्याला आत शिरायचं, सगळं तिच्या चिठ्ठ्यांवर. मुकुट वेळेवर डोक्यावर बसला की टाळ्या राजाला आणि विंगेत वागियेमला गोड गरम चहा. तिला त्यात कधी काही कमी वाटलं नाही.

मंडळी मोडली तेव्हा चाळिशी उलटली होती. ती सोलो शहराच्या वाचनालयातल्या फुकट वर्गात वेबसाइट शिकायला बसली. रंगीत पानं आणि बटणं बाकीच्यांनी उचलली. हिनं मास्तरांना विचारलं, "बटण दाबल्यावर आत कोण धावतं?"

मास्तर हसले. मोठ्या बाईला तिथं मानानं 'बू' म्हणतात. "बू, तुम्ही आतच या!"

व्हिडिओंचा तिला वीट आला. सांगणारा असा बोले, जणू त्याच्या मागं कुत्रं लागलंय. त्यापेक्षा ज्यानं अवजार घडवलं त्यानंच लिहिलेली माहिती तिला भावली. ती पानं छापून आणायची आणि पेन्सिल घेऊन वाचायची. प्रोग्रामच्या जुन्या आवृत्त्या जपून ठेवणारं गिट तर तिला पहिल्याच दिवशी कळलं. कपड्याची घडी घालायची, चिठ्ठी लावायची, पेटीत ठेवायचं. आज बिघडलं तर कालची घडी बाहेर काढायची. आयुष्यभर दुसरं काय केलं होतं?

मग माहेरच्या गावातलं काम चालून आलं. तिथला जुना आठवडा पाच वारांचा, आणि बाजार दर पाचव्या दिवशी, पाहिंगला भरतो. लेगी, पाहिंग, पोन, वागे, क्लिवोन, की पुन्हा लेगी. गिऱ्हाइकांनी फोनवरून मागणी नोंदवायची आणि विकणारीला तिची यादी मिळायची. शहरातल्या कुणीतरी आधी केलेली वेबसाइट सात दिवसांचा आठवडा मोजायची, त्यामुळं यादी भलत्याच वारी उगवायची.

बाजाराचे प्रमुख पाक दिर्जो म्हणाले, "येम, तीन बाजार देतो. जमलं तर काम तुझं. नाहीतर आमच्या पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या बऱ्या."

वागियेम मनातून खूश. वागेला जन्मली म्हणून तर वागियेम नाव पडलं. पाचाची मोजणी तिला कुणी शिकवायची?

पहिल्या बाजाराला पहाटे पाचला सगळ्यांचे फोन कोरे. सात वाजले आणि एकदम सगळे किणकिणले. तोवर टेंपे म्हणजे सोयाबीनच्या वड्या विकणाऱ्या बू पारिनाहची टोपली रिकामी झाली होती.

"येम, तुझी यादी राजकन्या आहे का गं? नटूनथटून सातला येते ती!"

सगळी रांग खिदळली. वागियेमही हसली, पण कान लाल झाले.

घरी येऊन तिनं आधी लॉग उघडला. संगणक कधी काय केलं ते त्यात स्वतःच लिहून ठेवतो. सकाळी सातच्या कामापुढं त्यानं रात्रीचे बारा मांडले होते! यंत्र होतं दूरदेशी, जगाच्या घड्याळावर चाललेलं, जावाच्या सात तास मागं. त्याच्या लेखी पहाटे पाचला अजून लेगीच होता. हे छापलेल्या पानांत होतं, खाली तिचीच पेन्सिलीची रेघही होती. वाचलं होतं, अंगी लावून घेतलं नव्हतं.

तिनं जावाची वेळ लावली. पुढचे पाच बाजार खोटेखोटे भरवून पाहिले, जशी रंगीत तालीम. सगळे बरोबर.

दुसऱ्या बाजाराला ती छाती काढून गेली. बू पारिनाह जांभया देत बसली होती.

"रात्री बाराला यादी! तेव्हा मी घोरत असते बाई. पहाटे बघते तर मागणी चाळीस पुड्यांची, बांधलेल्या वीस."

"पण बू, पाहिंग बाराला लागतो ना?"

सगळी रांग हसत सुटली.

"ऐका हो!" बू पारिनाह म्हणाली. "अगं, सूर्य बुडाला की पाहिंग लागला. तू कधी जन्मलीस? पोनला, दिवेलागण झाल्यावर. आईनं नाव काय ठेवलं?"

"वागियेम," वागियेम पुटपुटली.

"मग! स्वतःच्या नावातलं विसरलीस आणि यंत्राला शिकवायला निघालीस होय?"

वागियेम इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. पाच दिवस तिनं बरोबर मोजले होते, फक्त दिवस सुरू कधी होतो ते घड्याळाला विचारलं होतं. बू पारिनाहला आधी विचारायला हवं होतं.

आता एकच बाजार उरला होता. तिनं यादीची वेळ सूर्यास्तावर लावली. लेगीच्या संध्याकाळी ती बू पारिनाहच्या स्वयंपाकघरात जाऊन बसली. दोघींची नजर फोनवर. मशिदीतून सूर्यास्ताची, मगरिबची बांग सुरू झाली आणि फोन किणकिणला.

"त्रेपन्न पुड्या!" बू पारिनाह ओरडली. "बघत काय बसलीस? केळीची पानं पूस!"

दुसऱ्या दिवशी बाजारात टेंपेवरून भांडणं झाली, मिरचीवरून झाली, यादीचं नाव कुणी काढलं नाही. पाक दिर्जोंनी पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा उचलला आणि मांसाच्या काड्या भाजणाऱ्या सातेवाल्याला निखारे फुलवायला देऊन टाकला. मग टोपल्यांमागं बसलेल्या वागियेमपुढं गोड गरम चहाचा पेला आणून ठेवला.