काथवटीची गिटार

इतवारी सुतार दिवसभर बल्लारशाच्या लाकूड डेपोत फळ्यांवर रंधा मारायचा आणि संध्याकाळी स्टेशनमागच्या वाटेवर उगाच रेंगाळायचा. तिथे पिंटो गार्ड ओसरीत बसून गिटार वाजवायचा. गाणं कोणतं, ते इतवारीला कळत नसे. आपण वर्धेच्या पात्रात पाय सोडून बसलोय आणि पाणी आपल्या आतून वाहतंय, असं मात्र त्याला वाटायचं.

पिंटोची बदली झाली. चांद्याच्या उन्हाळ्यात गिटारीचं वरचं पान, म्हणजे तारांखालची पातळ फळी, तडकलं होतं. जाताना तो म्हणाला, "इतवारी, तू रख ले. जलाना मत."

जाळतो कसला! त्याला तो आवाज परत हवा होता. पुढे वर्षभर त्या घरात दुसरं काही घडलंच नाही म्हणा ना. तडकलेलं पान सोडवून त्याने सागाचं बसवलं. आवाज भरून आला आणि जड पावलांनी तिथेच खाली बसला. बिजाच्या लाकडाचं बसवलं, तर जणू कोणी विहिरीत उतरून बोलतंय. हळदूचं पान तांब्याच्या भांड्यासारखं खणखणलं. ते ऐकून गोठ्यातला बैल दचकला. शिवणीचं लाकूड हलकं, त्याच्यावर त्याची फार आशा. पण ते ओलं होतं, आणि ओलं लाकूड पाणी प्यायलेल्या घोंगडीसारखं गप्प राहतं.

"वाजते का काही?" बायको, गुणाबाई, चुलीपाशी काथवटीत, म्हणजे लाकडी परातीत, पीठ मळत म्हणाली. "का नुसती लाकडंच तासून राह्यले तुमी?"

बोलता बोलता तिने हाताचं पीठ काथवटीवर झटकलं. टप्, टप्. इतवारीचा रंधा थांबला. तोच तो पाण्याचा आवाज.

काथवट शिवणीची, अखंड लाकडाची, गुणाबाईला लग्नात तिच्या मायने दिलेली. मळून मळून तिचं बूड पापडासारखं पातळ झालं होतं. इतवारीने आठवडाभर खपून सागाची नवी काथवट कोरली आणि गुणाबाईपुढे ठेवली.

गुणाबाईला कळायला वेळ लागला नाही. "मायची काथवट फोडता?"

"फोडत नाई. वाजवतो."

"अन् नाई वाजली त?"

तिसऱ्या दिवशी तिने मायची काथवट पुसून त्याच्या रंध्यापाशी ठेवली आणि पाणी आणायला निघून गेली.

तिच्या बुडाचं पान बसवलं आणि हिवाळाभर गिटार अशी वाजली की शेजारचा लटारू म्हातारा कुंपणाशी येऊन डुलक्या घ्यायचा आणि विचारलं तर म्हणायचा, "झोपलो नाई बाबू, नावेत बसलो होतो."

श्रावणात ती मुकी झाली. पान फुगलं, घामेजलं, बोट लावून चाखलं तर खारट. इतकी वर्षं मिठाच्या पाण्यात मळलेलं पीठ त्या लाकडात मुरलं होतं, आणि मीठ हवेतली ओल ओढत होतं. मायची काथवटही गेली आणि आवाजही गेला. पान उपटायला इतवारीने पटाशी उचलली.

"ठेवा ते," गुणाबाई म्हणाली. "पावसात काथवटीले काय करतेत, मालूम नाई?"

तिने तारा सैल करायला लावल्या, पानावर ज्वारीचं कोरडं पीठ चोळलं आणि चुलीची ऊब लागेल इतक्या अंतरावर गिटार पालथी ठेवली. रोज भाकरी झाल्या की चोळायची, पुसायची, पुन्हा पालथी. काथवटच होती ती तिच्यालेखी.

पोळ्याच्या सुमारास इतवारीने तारा ताणल्या. पहिल्या सुरासरशी भोकातून थोडं पीठ उडालं आणि उन्हाच्या तिरिपेत तरंगत राहिलं. गुणाबाईचे हात सागाच्या काथवटीत तसेच थांबले.

"मायच्या घरी भाकरी झाल्यावानी वाटते," ती म्हणाली. "अजून वाजवा."