साहेबांचं गाव

लातूरच्या बसस्टँडासमोरच्या हॉटेलात नांदेडच्या गाडीची वाट पाहत बसलो होतो. बाहेर उन्हानं डांबर मऊ पडलेलं, आत पातेल्यातल्या चहाला आल्याचा वास सुटलेला. भिंतीवरच्या टीव्हीत एक जुना हिंदी सिनेमा चालू होता, पण मालक फोनवर बोलत होता म्हणून त्यानं आवाज बंद केला होता. त्या मुक्या पडद्यावर डोक्याला साहेबी हॅटचा टोप घातलेला एक गोरा अधिकारी घोड्यावरून उतरला, हातातली छडी बुटावर आपटली, आणि मी पुढ्यातला चहा विसरलो. फाल्गुनात ज्यांना आम्ही नांदेडला मातीआड करून आलो, ते आमचे साहेब माझ्यासमोर तरणेताठे उभे होते.

साहेब हे त्यांचं नाव नव्हे. पण नाटकातल्या भूमिकेमुळे चिकटलं आणि पुढं त्यांना कुणी दुसऱ्या नावानं हाक मारल्याचं मला आठवत नाही. वडील निजामाच्या रेल्वेत गोरे अधिकारी, आई देगलूरची. वडील बोटीनं मायदेशी गेले आणि परतले नाहीत. साहेब मामाच्या घरी वाढले, तेलुगू, उर्दू आणि मराठी एकाच ताटात कालवून खात. कातडी मात्र वडलांची, आणि डोळे पावसाळी आभाळाच्या रंगाचे. तरुणपणी एका फिरत्या नाटक कंपनीत शिरले, ती बुडाल्यावर नांदेडला एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवू लागले आणि संध्याकाळी आमच्या हौशी संस्थेच्या तालमीला येऊ लागले. मी शाळामास्तर. मला अभिनय येत नव्हता, म्हणून माझ्याकडं प्रॉम्प्टिंग आलं. विंगेत उभं राहून नटाच्या ओठांकडं पाहत राहायचं. शब्द येतोय की अडकलाय ते ओठ आधी सांगतात. त्या काळात साहेबांचे ओठ मला पाठ झाले. आयुष्यात एखाद्या माणसाला इतकं निरखून पाहायची संधी फार क्वचित मिळते, नाही?

प्रत्येक नाटकात त्यांच्या वाट्याला एकच काम येई. गोरा कलेक्टर, गोरा कप्तान, गोरा न्यायाधीश. "हम ये नही मांगता" छापाची मोडकी भाषा बोलायची आणि तिसऱ्या अंकाआधी निघून जायचं. एकदा त्यांनी गावच्या म्हाताऱ्याचं काम मागितलं, तेव्हा आमचे दिग्दर्शक हसून म्हणाले की साहेब, तुम्हाला धोतरात पाहून लोक हसतील.

साहेब म्हणाले, "अन् टोपात बघून भितात, ते चालतं व्हय?"

सगळे हसले. मीही हसलो असेन. ते काम त्यांना किती हवं होतं, हे त्यांच्या हातावरून कळत होतं. छापखान्याच्या शाईनं काळी झालेली नखं ते कितीतरी वेळ सदऱ्याला पुसत राहिले.

मग तो मोठा दुष्काळ आला. खडी फोडणाऱ्या बायाबापड्यांच्या रांगा, मदत म्हणून वाटलेल्या सुकडीचा गोडूस वास, चारा संपलेली जनावरं. छावण्यांच्या मदतीसाठी आम्ही गावोगाव प्रयोग लावले. नाटकही जुन्या दुष्काळावरचंच होतं, त्यात पाणी मागायला आलेल्या गावकऱ्यांकडं पाठ फिरवणारा गोरा अधिकारी अर्थातच साहेब. अहमदपूरच्या मोंढ्यात, धान्यबाजाराच्या पटांगणात प्रयोग होता. साहेबांनी पाठ फिरवली आणि पुढं बसलेली एक म्हातारी सरळ उठून मंचाच्या कडेला आली. तिनं उभ्या जन्मात नाटक पाहिलं नसावं. त्या सालात दर दोन दिवसांनी कुणी ना कुणी अधिकारी गाडीतून येऊन जात असे. तिच्या दृष्टीनं हा आणखी एक.

"सायेब," ती म्हणाली, "ह्यांचं ऱ्हाऊ द्या घडीभर. आमच्या वाडीला टँकर कवा येनार ते सांगा."

मोंढ्यात थोडं हसू उमटलं आणि विरून गेलं, कारण तो प्रश्न तिथल्या निम्म्या लोकांचा होता. माझं बोट वहीतल्या पुढच्या ओळीवर होतं, पण साहेब माझ्याकडं पाहत नव्हते. त्यांनी टोप काढला, कडेपर्यंत आले आणि गुडघ्यावर बसले.

"मावशे, म्या सायेब न्हाई. देगलूरचा हाय. माझ्या मायच्या आडाला बी खडक लागलाय."

म्हातारीनं त्यांना खालवर न्याहाळलं. "तोंडावरून वाटत न्हाईस," ती म्हणाली, "पर बोलन्यावरून हायस." आणि पदर सावरत जागेवर जाऊन बसली.

नाटक मोडलं ते मोडलंच. दिग्दर्शक कुणाला रागावून बोलणारे नव्हते, पण पुढच्या प्रयोगाला तो टोप दुसऱ्याच्या डोक्यावर होता, आणि त्याच्या तोंडाला सफेदा फासलेला. साहेब काही दिवस तालमीच्या खोलीत येऊन कोपऱ्यात बसत, मग तेही थांबलं. पुढं कुणाच्या तरी ओळखीनं ते मुंबईला गेले. तिथंही टोप, छडी, घोडा. वर त्यांचा आवाजही कुणाला नको होता. इंग्रजाला शोभेल असा दुसऱ्याचा आवाज मागाहून भरला जाई. सुट्टीत आले की हे ते गमतीनं सांगत. "लांबून घेत्यात, मास्तर. ओठ हलले म्हंजे झालं. मंग म्या माझ्या मायशीच बोलून घेतो." माय तोवर गेली होती. मी चहा आणायच्या निमित्तानं उठलो.

लातूर जिल्हा झाला, तेव्हा ते कायमचे परतले होते. नव्या जिल्ह्याचा उत्साह काही औरच. जुन्याच कचेऱ्यांवर नव्या पाट्या लागल्या, दुकानदारांनी तोरणं बांधली. पाणी मात्र त्याही वर्षी बेताचंच होतं. तिथं आमचं नाटक ठरलं, आणि त्यात एका म्हाताऱ्या पाणाड्याचं काम होतं. तळहातावर नारळ धरून रानात फिरायचं, नारळ उभा राहिला की तिथं पाणी आहे म्हणून सांगायचं. साहेबांनी पुन्हा मागणी घातली. दिग्दर्शकही आता थकले होते. हो म्हणाले, पण अंगाला सावळा रंग लावायच्या अटीवर, आणि लोक हसले तर पुन्हा नाव काढायचं नाही. रंग लावायला साहेब तयार होईनात. लावला तर पुन्हा सोंगच झालं, एवढंच म्हणाले. शेवटी रंगदेवतेच्या पूजेचा नारळ फोडू न देता त्यांनी तोच हातात घेतला आणि धोतर नेसून तसेच मंचावर गेले.

लोक हसले. मागच्या रांगांतून सुरू झालेलं हसू पुढं सरकत आलं. त्यांचे ओठ हलले, थांबले. मी शब्द पुरवायला तोंड उघडलं, पण त्यांना शब्दाची गरज नव्हती. ते हसू ओसरायची वाट पाहत होते. मग खाली वाकून चिमूटभर माती उचलावी तसं करत ते मायच्या बोलीत बोलू लागले. ती पुस्तकातली वाक्यं होती, पण मीही ती पहिल्यांदाच ऐकत होतो. हसणं कधी थांबलं ते कळलं नाही.

प्रयोगानंतर कपाळाला विभूती लावलेला एक दुकानदार आत आला. त्यानं डोळे, कातडी कशाबद्दल काही विचारलं नाही. म्हणाला, "मामा, देगलूरकडचे का तुमी? माझी सासुरवाडी हाय तिकडं."

साहेब नुसतं "हाव" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी परतीची एसटी अहमदपूरला थांबली. मोंढ्याच्या दिशेनं पाहत ते म्हणाले. "मास्तर, लोक मला देश विचारत्यात. काल पयल्यांदा कुनी गाव विचारलं."

त्यानंतर त्यांनी फार कामं केली नाहीत. गरज उरली नव्हती की काय, कोण जाणे. त्या प्रयोगाचं कुठं चित्रण नाही, फोटोही धड नाही. आता त्यांचे सिनेमे असे दुपारी कुठं कुठं लागतात, आणि त्यांच्या तोंडून एक परका माणूस बोलत राहतो. माणूस गेल्यावर चेहरा मागं राहतो, आवाज आधी विरतो, असं म्हणतात. यांचा तर जिवंतपणीच काढून घेतला होता.

"आवाज वाढवू का, सर?" फोन ठेवत हॉटेलवाल्यानं विचारलं.

मी नको म्हणालो. पडद्यावर गावकरी भेदरून माना खाली घालून उभे होते. साहेबांनी छडी उगारली, कपाळाला आठ्या घातल्या, आणि त्यांचे ओठ हलू लागले. मी विंगेत उभा राहून पाहायचो तसाच ते ओठ पाहत होतो. माय, आडाला पानी आलं का गं? मग थोडं थांबून, पुन्हा तेच.

नांदेडची गाडी लागल्याची हाक आली. ते घोड्यावर बसून दिसेनासे होईपर्यंत मी उठलो नाही.