केशोरीची पायली

धुरपताबाईचं तोंड फटकळ, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. खरं बोलताना तिनं कधी कुणाची भीड ठेवली नाही. अडचण एवढीच, की आपल्याशिवाय दुसऱ्याचंही खरं असू शकतं, हे तिच्या डोक्यात शिरायचंच नाही. त्यापायी पंचवीस वर्षं तिनं राजकुमारी पाटलीणबाईच्या अंगणात पाय ठेवला नव्हता.

झालं होतं असं. तेव्हा धानकापणीची मजुरी धानानंच मिळायची. राजकुमारीबाई पवारांच्या मोठ्या घरची सून, पण मोजायला स्वतः बसायची. पहिल्या पायलीला ‘एक’ न म्हणता शकुनाचं ‘लाभ’ म्हणायची, मग दोन, मग तीन. अशा दहा पायल्या घेऊन धुरपता घरी आली आणि लग्नात मायनं दिलेल्या पायलीनं तिनं ते धान पुन्हा मोजलं. नऊच भरल्या! पुढच्या खेपेलाही नऊच. मग काय विचारता, भर खळ्यात सगळ्या बायांसमोर ती कडाडली, “पाटलीनबाई, गरिबाचं धान चोरून कोनाचं भलं झालं?”

नवरा केवळराम “चूप राय वो” म्हणत हात जोडत राहिला. पाटलीणबाई पायली तिथंच ठेवून उठून घरात गेली. धुरपतानं ते घर सोडलं ते सोडलंच, मजुरीला दोन कोस लांब जायला लागली. गावानं काही तिची बाजू घेतली नाही. उलट ‘कजाग’ हे नाव तिला चिकटलं, आणि ते तिला फार लागलं होतं.

पुढं रेल्वेची छोटी लाइन जाऊन मोठी आली, नवं स्टेशन बांधलं, आणि जुन्या स्टेशनात रविवारी पुराण्या वस्तूंचा बाजार भरू लागला. २०११ साली सून रेणू तिथून सांगत आली, “आत्याबाई, पाटलाच्या घरचं जुनं सामान तिथं विकाले आलं हाये. नाव कोरलेली पायलीबी हाये.”

धुरपताबाईला हवं होतं तेच मिळालं. मायची पायली पिशवीत टाकून ती रेणूला घेऊन निघाली.

जुन्या तिकीटखिडकीपाशी चुन्नीलालचं दुकान होतं. कंदील, अडकित्ते, बंद पडलेली घड्याळं, आणि त्यांत पाटलाची पितळी पायली. धुरपताबाईनं शेजारच्या फुटाणेवालीकडून मायची पायली काठोकाठ भरून घेतली आणि पाटलाच्या पायलीत ओतली. फुटाणे भसकन खाली सांडले.

“पाहा! मी का खोटं बोलून राहिली होती?” ती एवढ्यानं ओरडली, की अख्खा फलाट गोळा झाला. फुटाणेवाली सांडलेल्या मालासाठी करवादत होती, तिकडे हिचं लक्षच नव्हतं. गड जिंकला होता ना!

“अम्मा, जरा रुको,” चुन्नीलाल म्हणाला. त्यानं मागून आणखी तीन पायल्या काढल्या. एक गोंदियाची, एक आमगावची, एक तिरोड्याची. एकीतले फुटाणे दुसरीत, दुसरीतले तिसरीत आणि शेवटी पाटलाच्या पायलीत ओतले. चारही काठोकाठ भरल्या, एक दाणा खाली पडला नाही.

“तुमची पायली कुठची, अम्मा?”

“केशोरीची. माह्या मायची.”

“तोच तर घोळ. तिकडली पायली मोठी राहते. हर इलाके का नाप अलग था.”

धुरपताबाईनं मायची पायली पिशवीत टाकली. रेणू म्हणाली, “चला, घरी जाऊ.”

“घरी नाई. पाटलाकडं.”

राजकुमारीबाई ओसरीत तांदूळ निवडत होती. धुरपताबाईनं उंबऱ्याबाहेरूनच सांगून टाकलं, “पाटलीनबाई, तुमची पायली खरी होती. माहीच केशोरीची, मोठी. मी तुमाले चोर म्हटलं.” आणि तिला रडू फुटलं. नवरा गेला तेव्हाही ती अशी रडली नव्हती.

“आत ये, बस,” राजकुमारीबाई म्हणाली. “तू बोललीस तवा मलेबी वाटलं, पायलीले पोचा पडला असंल. बायाईचा तळतळाट कायले घ्या? त्या दिवसापासून दर पायलीवर एक ओंजळ जास्त टाकत गेली, मजुरी पैशानं सुरू झाली तोपर्यंत.”

“सगळ्याईले?”

“सगळ्याईले. गावातल्या हरेक बाईनं नेलं. तूच तेवढी आली नाईस.”