घासलेला जोड

डेल्मर प्रूटने एकतीस वर्षं तेलाच्या नळांना जोड दिले. टाफ्ट गावाभोवती जमिनीखालून जे नळ गेले आहेत, त्यांतल्या कित्येक मैलांवर त्याच्या हातचं वेल्डिंग आहे. तिथे प्रत्येक जोडाचा एक्स-रे निघायचा. नापास झाला की कापून पुन्हा करायचा, आणि त्या वेळेची मजुरी नाही. डेल्मरवर ही पाळी दोनदा आली, दोन्ही वेळा पहिल्याच वर्षी. निवृत्त झाला तेव्हा कंबर गेलेली होती, डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं, पण हात कापत नव्हता.

मग त्याने नेल्डाच्या वडिलांची पिकअप हाती घेतली. १९३६ सालची. नेल्डा म्हणजे त्याची बायको. बटनविलोच्या कापसाच्या शेतात ती याच गाडीवर चालवायला शिकली होती, नवव्या वर्षी, बुडाखाली उशी घेऊन. म्हातारा गेल्यावर गाडी चौदा वर्षं पत्र्याच्या शेडमागे गंजत पडली. डेल्मरने तिची हॉट रॉड, म्हणजे जुन्या अंगाची वेगवान गाडी, करायची ठरवलं. टप कापून चार इंच खाली आणलं. पुढचे मडगार्ड काढून टाकले. जुन्याच्या तिप्पट ताकदीचं इंजिन बसवलं. सहा वर्षं लागली. चेसिस दोनदा जोडून दोनदा उसवली. दार लागताना आवाज कसा यावा, यावर एक अख्खा महिना गेला.

चूक एकाच जागी झाली. मोठं इंजिन मावेना म्हणून स्टीअरिंगची पेटी सरकवावी लागली, आणि पेटीपासून चाकापर्यंत जाणारा, चाकं वळवणारा पोकळ दांडा वीतभर अपुरा पडला. नवा दांडा एकसंध नळीचा करायला हवा होता. डेल्मरने जुन्यालाच तुकडा जोडला. जोड चांगला बसला, पण वेल्डिंगची वळी वर उठून दिसत होती. मडगार्ड नसल्यामुळे तो दांडा येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोळ्यांसमोर. म्हणून त्याने ग्राइंडरने वळी सपाट घासली आणि वर क्रोमचा मुलामा करून आणला. जोड दिसेनासा झाला. किती खोल घासलं, दांड्याची जाडी किती उरली, ते त्याने मोजलं नाही. नळाच्या कामावर हे दुसऱ्या कुणी केलं असतं, तर डेल्मरने त्याला त्याच दिवशी घरी पाठवलं असतं.

एप्रिलातल्या शनिवारी गावातल्या हौशी गाड्यांची दरवर्षीची सहल निघते. डोंगर चढून पलीकडे ओहाय गावी उतरायचं. सकाळी सगळे हॉटेलसमोर जमले. चुय अरेदोंदो आपल्या कामाच्या ट्रकवर आला. बावीस वर्षं तो डेल्मरच्या जोडीला वेल्डिंग करत होता, आणि अजूनही मागे मशीन, बंपरवर पकडीचा व्हाइस असा संसार घेऊनच हिंडायचा. तो पिकअपच्या चाकापाशी उकिडवा बसला. दांड्यावरून अंगठा फिरवला.

“कोंपाद्रे, दोस्ता, जोड कुठंय?”

“दिसत नाही ना?” डेल्मर म्हणाला.

“नाही दिसत,” चुय म्हणाला. मग उठला आणि कॉफी आणायला गेला. गाडीबद्दल चकार शब्द बोलला नाही.

चांगल्या कामाला चुय गप्प राहत नसे; डेल्मरने वाकून स्वतःच दांड्यावरून अंगठा फिरवला. तेवढ्यात नेल्डा आली, हात पुढे करून.

“चावी. सहा वर्षं गाडीखालून बाहेर आलेले तुझे बूट बघतेय. आज मी एकटी जाणार. तू चुयबरोबर ये.”

“मी म्हणत होतो, आधी मीच–”

“बाबांनी मला नवव्या वर्षी दिली होती, तू मला बासष्टाव्या वर्षी तरी दे की रे!”

भोवतालचे वीस-पंचवीस जण हसले. एवढ्या माणसांत काय सांगणार? डेल्मरने चावी दिली. ती गेली. त्याने हातही हलवला.

मॅरिकोपा गाव मागे पडेपर्यंत डेल्मर चुयशेजारी बसून पुढे लाल पिकअप दिसते का बघत होता. चुयचा ट्रक जड. पन्नासच्या वर गेला की मागचं सामान खडखडायचं.

“जोरात चालव.”

“घाई कसली? ओहाय पळून जात नाही.”

“चुय, मी तो जोड घासलाय.”

“ते बोटाला कळलं मला. जाडी किती उरली?”

“माहीत नाही.”

चुयने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. बावीस वर्षांत हे उत्तर त्याने डेल्मरकडून ऐकलं नव्हतं.

“आणि मुलामा देण्याआधी तपासलं?”

“नाही.”

“गाढवा, तिला चावी कशाला दिलीस?”

“तू का नाही बोललास?”

“मला वाटलं तुला माहीत असेल! तू डेल्मर प्रूट आहेस!”

मग त्याने ट्रक दामटला. चढावर ट्रक धापा टाकू लागला. डेल्मर दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरून बसला. माथ्यावर नेल्डा थांबली असेल अशी आशा होती. माथ्यावर दोन मोटरसायकलवाले होते. त्यांनी खाली बोट दाखवलं. लाल पिकअप ना? वीस मिनिटं झाली.

तिथून रस्ता दरीच्या कडेने उतरतो, वळणामागून वळण. प्रत्येक वळणावर डेल्मर आधी कठडा बघायचा, मग खाली झाडी. कठड्याला लाल रंग लागलाय का? झुडपं मोडलीत का? एका वळणावर रबराचे काळे ओरखडे दिसले. तो ओरडला. चुयने ब्रेक मारला. डेल्मर उतरून धावला. ओरखडे जुने होते, त्यांत माती बसलेली. तो परत येऊन ट्रकमध्ये चढला. चुयने दार लागायच्या आत ट्रक सोडला.

“बोल काहीतरी,” डेल्मर म्हणाला.

“काय बोलू? मी प्रार्थना करतोय. तू रस्ता बघ.”

पायथ्याशी संत्र्यांच्या टपरीपुढे पिकअप उभी होती. नेल्डा पायरीवर बसून संत्रं सोलत होती. गाल लाल झालेले.

“इतका उशीर? पाण्यासारखी चालते रे! बाबा असते तर रडले असते.”

डेल्मरने ट्रकमधली हत्यारं काढली. तो चाकापाशी गुडघ्यांवर बसला आणि पाना लावला. दांडा सुटायला दहा मिनिटं लागली. नेल्डा विचारत राहिली, काय झालं, काय करतोयस. चुयने दांड्याचं एक टोक बंपरवरच्या व्हाइसमध्ये आवळलं आणि दुसऱ्या टोकावर लांब नळी चढवली. जोड तपासायची त्यांची ही जुनी रीत. चांगला जोड वाकतो, तुटत नाही.

डेल्मरने जोर लावला. निम्मासुद्धा लावला नसेल. क्रोमला केसासारखी रेघ पडली, मग कट् आवाज होऊन दांडा जोडावर उघडला. कडेला चोहीकडून पत्र्याएवढीच जाडी उरली होती.

टपरीवाला हातातली पिशवी तशीच धरून उभा राहिला.

नेल्डाने तुटलेलं टोक उचललं, आत पाहिलं. तिला वेल्डिंगमधलं फार कळत नव्हतं. एवढं कळलं.

“चावी देताना तुला ठाऊक होतं?”

“शंका होती.”

“शंका होती. आणि लोक हसतील म्हणून तू मला हात हलवलास.”

ती चुयच्या ट्रकमध्ये जाऊन बसली आणि घर येईपर्यंत बाहेर बघत राहिली. डेल्मर दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीतून आला, पिकअप मागाहून ओढून आणली.

जूनमध्ये त्याने जाड नळी आणली आणि एकाच नळीतून दोन दांडे कापले. एक गाडीसाठी, एक तोडण्यासाठी. कुठेही जोड नाही, क्रोम नाही, नुसता काळा रंग. नेल्डाला गॅरेजमध्ये बोलावलं. तोडायचा दांडा व्हाइसमध्ये आवळला, टोकावर लांब नळी चढवली आणि ती तिच्याच हाती दिली. नेल्डा नळीला लोंबकळली. दांडा वाकून कमानीसारखा झाला, पण त्याला चीर गेली नाही.

ती हात पुसत म्हणाली, “याची खात्री पटली. पण हा तर आता भंगारात जाणार. जो गाडीला लावणार, त्याचं काय?”

वाकवून ज्याची परीक्षा घ्यावी तो वापरता येत नाही, हे डेल्मरला एकतीस वर्षं ठाऊक होतं. एवढ्या सरळ शब्दांत कुणी विचारलं नव्हतं.

“आधी मी गाडी घेऊन दरी उतरतो,” तो म्हणाला. “तू मागून लांबून ये.”

तो तीन वेळा ती दरी उतरला. चौथ्या वेळी नेल्डाने माथ्यावर आपली गाडी सोडली, पिकअपचं दार उघडलं आणि त्याला सरकायला सांगितलं. डेल्मर बाजूला बसला. चालवताना वाटली नव्हती एवढी भीती आता वाटत होती. पहिल्या वळणाला त्याने दोन्ही पाय तळाच्या पत्र्यावर दाबून धरले, जिथे एकही पेडल नव्हतं. नेल्डाने ते पाहिलं. तिने वेग कमी केला नाही.