अडीचशे ग्रॅमच्या आतलं यंत्र

श्रीरंग वऱ्हाडपांडे हा माणूस जबलपुरातल्या निम्म्या मराठी लग्नांत तुम्ही पाहिला असेल, पण चेहरा काही आठवणार नाही. आठवणार कसा? चेहऱ्यापुढे कायम कॅमेरा. चेरीतालच्या घरून निघायचा तो नवऱ्यामुलाला मुंडावळ्या बांधायच्या आत हजर. अंतरपाट नेमका कधी दूर होतो हे दुसऱ्या व्हिडिओवाल्यांना कळत नसे, ते बरोबर त्याच वेळी बॅटरी बदलत बसायचे. श्रीरंगचा तो क्षण कधी हुकला नाही. तेवढ्यावर त्याचं घर चाललं, आणि बरं चाललं.

पण हल्ली लोकांना अंतरपाट नको, आभाळ पाहिजे. "भैया, ड्रोन है ना?" हा पहिला प्रश्न. नाही म्हटलं की "अच्छा, बताते हैं," आणि मग कसलं बताना! हातातोंडाशी आलेली कामं अशी जायला लागली तेव्हा श्रीरंग घाबरला. या वयात दुसरं शिकणार तरी काय? त्यातच पुतणीचं लग्न ठरलं. धाकटा भाऊ आलोक संरक्षण खात्याच्या फॅक्टरीत नोकरीला, राहायला फॅक्टरीच्याच क्वार्टरमध्ये. स्वानंदी त्याची एकुलती एक. तिनं हक्कानं सांगून टाकलं, "काका, माझ्या हळदीचं शूटिंग वरून पाहिजे. बाहेरचा कोणी नको, तुम्हीच करा."

मग श्रीरंग ड्रोनच्या मागे लागला. दुकानदार शैलेंद्र जुन्या ओळखीचा. त्यानं दोन यंत्रं काउंटरवर मांडली. एक चांगलं दणकट, वाऱ्यात हलायचं नाही. पण त्याची नोंदणी करा, शिकून लायसन काढा, सतरा भानगडी. दुसरं तळहातावर मावणारं, अडीचशे ग्रॅमच्या आतलं. आवाज कमी, पंख्यांना जाळी, गल्लीतल्या तारांमधून सहज निघणारं, गच्चीवर उतरणारं. शहरात काम करायचं तर हेच सोयीचं, आणि लायसन नको. वारा आला की थोडं भरकटतं, एवढंच. शैलेंद्रनं मोबाइलवर नकाशा उघडून दाखवला तर निम्मं शहर लाल, म्हणजे ड्रोन उडवायला बंदी. छावणी लाल, विमानतळाकडची बाजू लाल, फॅक्टऱ्या लाल. श्रीरंग चपापला.

"अरे, वो बड़े वालों के लिए है, भैया," शैलेंद्र म्हणाला.

श्रीरंगला हेच ऐकायचं होतं. लायसन वेगळं आणि परवानगी वेगळी, हे त्याला कळत नव्हतं असं नाही. कळून घ्यायचं नव्हतं. त्यानं छोटं यंत्र घेतलं.

घरात एक माणूस असा होता की त्याला नुसतं विचारलं असतं तरी उत्तर मिळालं असतं. वडील, प्रल्हादराव. त्यांनी सारी नोकरी आलोकच्याच फॅक्टरीत केली. गेटाच्या आत काय चालतं हे त्यांच्या बायकोलाही शेवटपर्यंत कळलं नाही. क्वार्टरमध्ये घरचा फोटो काढायचा झाला तर काढणारा फॅक्टरीच्या भिंतीकडे पाठ करून उभा राहायचा, म्हणजे भिंत फोटोत यायलाच नको. असं कुणी लिहून दिलेलं नव्हतं. सगळ्याच घरांत तसं होतं. आता अशा माणसाला विचारलं तर नाहीच म्हणणार, म्हणून श्रीरंगनं विचारलंच नाही.

आलोकनं मात्र हळदीच्या सकाळी विचारलं. "दादा, सिक्युरिटीले एकदा सांगून येऊ काय?"

"काहून? एवढ्याशाले लायसन लागत नाही," श्रीरंग म्हणाला.

दादा म्हणाला म्हणजे झालं. या घरात मोठ्या भावाच्या शब्दावर पुन्हा चौकशी करायची पद्धत नव्हती. आलोक गुमान कामाला लागला.

ड्रोन क्वार्टरच्या मैदानावरून वर गेला. पिवळा मांडव, पिवळ्या साड्या, मधोमध पाटावर बसलेली स्वानंदी वर बघून हसतेय. श्रीरंग हरखला. इतकी वर्षं आपण हे सगळं जमिनीवरूनच बघत होतो, असं त्याला वाटलं. तेवढ्यात वारा सुटला. यंत्र तिरपं झालं आणि मोबाइलच्या पडद्यावरून मांडव सरकला. मग भिंत आली. मग भिंतीपलीकडची लांबलचक पत्र्याची छपरं. कसंबसं त्यानं ते वळवून आणलं, खाली उतरवलं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना काय ठाऊक!

थोड्याच वेळात सिक्युरिटीचे तिघे मांडवात आले. "किसने उड़ाया?"

रिमोट श्रीरंगनं खुर्चीवर ठेवला होता. आलोकनं तो उचलला. गालाला हळद तशीच.

"मैंने," आलोक म्हणाला.

नंतर त्यानं भावाला बाजूला घेऊन सांगितलं, "माझी फक्त चौकशी होईन, दादा. तू बाहेरचा माणूस, तुले पोलीस नेतीन. पोरीच्या लग्नात तमाशा नको." श्रीरंगनं मान हलवली. सुटलो, असंच त्याला पहिल्यांदा वाटलं, आणि मग स्वतःची इतकी शरम वाटली की तो पंगतीतून अर्ध्यावर उठला. आलोकनं ऑफिसात जाऊन लेखी जबाब दिला. लग्न पार पडलं. अंतरपाट सरकला तो क्षण श्रीरंगनं टिपला, पण नवरीचा बाप हसत होता की नाही हे त्याला बघवलं नाही. मुलगी सासरी गेली आणि आलोकला निलंबनाचा कागद मिळाला.

आलोक चेरीतालला आला, वडिलांपुढे उभा राहून त्यानं कागदाचं सांगितलं. प्रल्हादराव म्हणाले, "श्रीरंगनं केलं असतं तर समजू शकलो असतो. त्यानं आत कधी पाऊल टाकलं नाही. तू? तू माझ्या फॅक्टरीचा माणूस. आजपासून मला तोंड दाखवू नको."

आलोक चप्पल घालायला वळला.

"बाबा, मी उडवला," श्रीरंग म्हणाला. "त्यानं विचारलं होतं, मीच नको म्हटलं."

"दादा, चूप राह्य," आलोक म्हणाला.

प्रल्हादरावांनी दोघांकडे पाहिलं. उठले, खुंटीवरचा सदरा चढवला. "चल गेटावर. जे मला सांगितलं ते तिथे सांग."

"बाबा, नका नेऊ त्याले," आलोक कळवळून म्हणाला. पण त्या घरात म्हाताऱ्यापुढे कोणाचं चाललंय? श्रीरंगला तर उलट हलकं वाटत होतं. रिक्षात बसल्यावर कितीतरी दिवसांनी त्याला मोकळा श्वास आला. पोलीस नेतील तर नेतील. भावाची नोकरी तर वाचेल.

सिक्युरिटी अधिकाऱ्यानं प्रल्हादरावांना ओळखलं, खुर्ची दिली, पाणी मागवलं. श्रीरंगचं सगळं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं, लिहून घेतलं. मग पेन थांबवून म्हणाला, "यानी आपके भाई ने लिखित में झूठा बयान दिया? उड़ाने की तो माफ़ी हो भी जाती. इसकी नहीं होती."

श्रीरंगनं वडिलांकडे पाहिलं. प्रल्हादरावांनी हातातला पाण्याचा ग्लास न पिताच टेबलावर ठेवला. त्यांनाही हे सुचलं नव्हतं. आलोकला मात्र घरातच कळलं होतं, म्हणूनच तो नका नेऊ म्हणत होता.

"बताइए," अधिकारी म्हणाला.

"जी," श्रीरंग म्हणाला, आणि अधिकाऱ्यानं ते लिहून घेतलं.