पोह्यांनी टळलेलं ऑपरेशन

इंदूरच्या परदेशीपुऱ्यातल्या सुधाकर वाघमोड्यांनी आयुष्यात एकच मोठं दान केलं. धाकट्या बहिणीच्या, इरावतीच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या तेव्हा आपली एक काढून दिली, आणि वर "दोनातली एक पडूनच होती की" म्हणून मोकळे झाले. आता इतक्या वर्षांनी त्यांच्या उरलेल्या एकुलत्या किडनीवर गाठ सापडली. गाठ तेवढी अलगद निघाली तर ठीक, नाहीतर जन्मभर डायलिसिस.

"रोबोटनं करू," डॉक्टर शालिनी म्हणाल्या. "काम बारीक आहे, किडनी वाचायची आशा जास्त."

रोबोट म्हटल्यावर सुधाकररावांचा चेहरा उतरला. पोलोग्राउंडच्या कारखान्यात उभी हयात त्यांनी प्रेस मशीनवर काढली होती, आणि त्याच मशीननं त्यांच्या डाव्या हाताच्या एका बोटाचं पेर नेलं होतं. पूर्वज होळकरांच्या फौजेत तोफांसमोर उभे राहिले असतील. हा गडी मशीनला भ्यायचा. कबूल करायला मात्र जीभ रेटत नव्हती.

ऑपरेशनच्या सकाळी नर्सनं विचारलं, "अंकलजी, खाली पेट हो ना?"

"एकदम! काही नाही खाल्लं. बस, पोहे."

"पोहे?"

"अरे, पोहे म्हणजे खाणं थोडंच, बेटा! आणि वरून चहा."

इंदुरात हा युक्तिवाद कुठल्याही ओट्यावर खपला असता. भूल देणाऱ्या डॉक्टरांपुढे खपला नाही. ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर गेलं.

अख्खा वॉर्ड हसला. इरावती हसली नाही. "दादा, रात्रीच बजावलं होतं तुला. मुद्दाम खाल्लेस ना?"

सुधाकरराव खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "तुला दिली तेव्हा दुसरी होती गं. आता ही पण गेली तर? मशीनला काय दिसतं? माझं बोट दिसलं होतं का त्याला?"

इरावतीनं हे जसंच्या तसं डॉक्टर शालिनींच्या कानावर घातलं. त्या चिडल्या नाहीत. संध्याकाळी सुधाकररावांना त्या सरावाच्या रोबोटपाशी घेऊन गेल्या. स्वतः बाजूच्या टेबलाशी बसल्या, दुर्बिणीसारख्या खाचेत डोळे लावले आणि बोटं हलवली. पलीकडे रोबोटचे हात तसेच हलू लागले. मग त्यांनी मान वर केली. हात जागच्या जागी थिजले.

"मी नजर काढली की हा थांबतो, काका."

"परत दाखवा बरं."

त्यांनी परत दाखवलं. काकांनी अजून एकदा बघून घेतलं आणि अर्धं बोट चोळलं. "आमच्या टाइमला असं मशीन असतं ना, तर बोट सलामत असतं. चला, कल कर डालो."

दुसऱ्या दिवशी ते खरोखर उपाशीपोटी आत गेले. गाठ निघाली. पण ऑपरेशनपुरतं रक्त थांबवलेली किडनी पुन्हा कामाला लागते का, ते कळायचं होतं. इरावती खाटेला लटकवलेल्या पिशवीकडे डोळे लावून बसली. पिशवीत लघवी उतरू लागली तशी ती हमसून हमसून रडली.

सुधाकररावांनी डोळे किलकिले केले. "चालू झाली का गं?"

"झाली, दादा."

"आणि तुझी?"

"माझी कुठली? तुझीच ती. चालू आहे."

"म्हणजे दोन्ही चालू." ते समाधानानं पडून राहिले. मग म्हणाले, "सकाळपासून उपाशी असशील. जा, पोहे खाऊन ये."