गयाआत्याचा हार आणि कपाटाची कडी

आमच्या घरात तेव्हा फुलं होती, बाकी फारसं काही नव्हतं. मखमलाबादच्या पुढे खंडाने घेतलेलं वावर, त्यात झेंडू आणि शेवंती. वडील कायम आजारी, आई वावरात, आणि नवरा गेल्यावर माहेरी परतलेली माझी गयाआत्या फुलबाजारात. दसऱ्याला अर्ध्या नाशिकच्या दारांवर आमची तोरणं लटकायची आणि आमच्या घरी सकाळचीच भाकरी संध्याकाळी असायची, कारण हार ओवण्यात सगळ्यांचे हात अडकलेले. झेंडूच्या देठांनी हिरवी झालेली बोटं घेऊन मी शाळेत जायचे. त्याच बोटांनी पुढे बी.एस्सी. केलं. आमच्या भावकीत दहावीच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं. हे मी जिथेतिथे सांगते, इथेही सांगणार. आत्या तर गिऱ्हाईकाला हार देता देता सांगायची, "आमची पोरगी सायन्सवाली हाय."

ती आत्या गेली. आईचा फोन आला तेव्हा मी कामावर होते. "आत्या उठलीच नाय गं," एवढंच आई बोलली... दहाव्याला गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीच्या घाटावर, माझ्या मागेच दोन माणसं उभी होती. त्यातला एक दुसऱ्याला हळूच म्हणाला, "चोरीच्या केसमधली ती हीच ना?" म्हणून हा लेख लिहायला बसले.

गंगापूर रोडच्या एका बंगल्यात आत्या रोज देवाचा हार द्यायची. फाटकाशी उभी राहून हाक मारायची, बंगल्यातल्या काकू बाहेर येऊन हार घ्यायच्या. एके दिवशी काकूंच्या देवघरातल्या कपाटातून चांदीची मूर्ती गेली. घरात कामाला येणाऱ्या, दारात येणाऱ्या सगळ्यांना पोलिसांनी बोलावलं आणि सगळ्यांचे नमुने घेतले. गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवायचा होता. आत्याने ऐटीत तोंड उघडलं आणि वर म्हणाली, "घ्या साहेब, बिनधास्त घ्या. मी तंबाखू नाय खात." फाटकाच्या आत कधी पाऊल टाकलेलं नाही, असंही तिने सांगून टाकलं.

अहवाल आला. कपाटाच्या कडीवरून टिपलेल्या अंशात आत्याचा डीएनए होता.

"आत गेलीच नाहीस म्हणतेस," हवालदार म्हणाले, "मग तुझी लाळ काय वाऱ्यावर उडत आली कडीवर?"

आत्याला अटक झाली. जामीन मिळाला, पण बाजारात बसणं अवघड झालं. शेजारच्या ओट्यावरची बाई गिऱ्हाइकांसमोर मोठ्याने म्हणायची, "गयाबाई, माझ्या गल्ल्याकडे बघू नको गं बाई!" सगळे हसायचे. आत्याही हसायची, आणि घरी येऊन न जेवता आडवी व्हायची.

मला त्या अहवालाचा पहिल्यापासून संशय होता. त्याला कारण आहे. मी द्राक्ष निर्यात करणाऱ्यांचे नमुने तपासते. द्राक्षांत औषधाचा बारीकसा अंश सापडला, म्हणजे त्या बागवानाने ते फवारलंच असं होत नाही. शेजारच्या बागेतून वाऱ्याने आलेलं असतं, आदल्या मालाच्या क्रेटला लागलेलं असतं. यंत्र फक्त 'आहे' म्हणतं. कुठून आलं, कधी आलं, कुणी आणलं, हे त्याला विचारून उपयोग नाही. आत्याचा अहवाल मी तिच्या वकीलबाईंच्या कचेरीत पुन्हा पुन्हा वाचला. कडीवरचा अंश अगदीच थोडा होता आणि तो एकाचा नव्हताच. त्यात काकू होत्या, आत्या होती, आणि आणखी एक माणूस होता ज्याची ओळख पटली नव्हती. या तिसऱ्याबद्दल कुणीच काही विचारत नव्हतं. पोलिसांना हवं ते नाव मिळालं होतं, मग पुढे कशाला बघायचं?

पण खरं सांगायचं तर मला आत्याचाही संशय येत होता. चोरीचा नाही, कसल्यातरी लपवालपवीचा. वकीलबाई विचारायच्या, "हार नक्की कसा करता ते सांगा बरं मला." आत्या पाठ केल्यासारखं सांगायची, "आंघोळ करून बसते. पाण्याची वाटी जवळ असती. दोरा वाटीत बुडवते, सुईत ओवते." एवढं बोलून विषय दुसरीकडे न्यायची. कधी पाणी मागायची, कधी वकीलबाईंच्या साडीचं कौतुक करायची. जी बोलायला लागली की थांबवावी लागायची, ती बाई इथेच का अडते?

एका रविवारी मी तिच्यासमोर फुलं निवडत बसले होते. तिने हार पुरा केला, कमरेची कात्री काढली आणि दोरा कापला. कात्री नवीकोरी, आणि तिच्या हातात ती अगदीच अवघडलेली. दोनदा दोरा निसटला. बघता बघता माझ्या लक्षात आलं. लहानपणापासून रोज डोळ्यांसमोर होतं म्हणूनच मला ते कधी दिसलं नव्हतं. आत्या दोऱ्याचं टोक तोंडात ओलं करायची. हार झाला की गाठ मारून दोरा दातांनी तोडायची. पाण्याची वाटी शेजारी असायची, पण ती गिऱ्हाइकांना दिसावी म्हणून.

"आत्या, ही कात्री कधीपासनं?"

"असंल काही दिवसांची."

"आणि आधी कशाने तोडायचीस?"

"तुझ्या बुकात सगळं हाय ना? मग इचारते कशाला?"

"दातांनी तोडायचीस. ती तुझी लाळ हाराला लागली. काकूंनी हार घेतला आणि त्याच हाताने देवघराचं कपाट उघडलं. एवढंच झालंय, आत्या! हे कोर्टात सांग."

तिने फुलांची पाटी बाजूला सरकवली.

"चोर म्हणले तर एका घरची चोर," ती म्हणाली. "देवाला उष्टे हार दिले म्हणलं, की किती घरची पापी होईन? मोज बघू. आणि मी एकटी नाय. त्या ओळीतली कोणती बाई कात्री घेऊन बसती? सगळ्यांच्या पोटावर पाय येईल."

"मग शिक्षा भोगणार?"

"लय शिकली ना तू? दुसरी काही वाट काढ."

दुसरी वाट नव्हती. तिच्या भीतीत काही खोटंही नव्हतं. आपल्याकडे बाई वास घेतलेलं फूलसुद्धा देवाला वाहत नाही. तिथे लाळ लागलेला हार!

साक्षी सुरू झाल्या. काकूंनी सरळ सांगितलं की हार त्याच घ्यायच्या आणि आत नेऊन पूजेचं सामान काढायला कपाट त्याच उघडायच्या. प्रयोगशाळेचे तज्ज्ञ आले. माणूस प्रामाणिक होता. वकीलबाईंनी विचारलं, "हा अंश आरोपीने कडीला हात लावल्यामुळेच आला, असं तुम्ही सांगू शकता?" ते म्हणाले, "नाही. अंश कुणाचा ते सांगता येतं, कसा आला ते नाही. एखाद्या वस्तूवरून दुसऱ्याच्या हातामार्फतही येऊ शकतो." सरकारी वकील लगेच उठले. "पण आरोपीची लाळ लागलेली अशी कोणती वस्तू होती? कोर्टापुढे तर एकही नाही!" मी आत्याकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत होती.

मग आरोपीला बोलायची वेळ आली. न्यायाधीशांनी विचारलं, "तुम्हाला काही सांगायचं आहे?" काकू पहिल्याच बाकावर होत्या. मागे ओळीतल्या दोघीतिघी आल्या होत्या, त्यात ती गल्लेवालीही. आत्याने पदर सारखा केला.

"साहेब, मी दोरा दातानं तोडते. टोक तोंडात वलं करते. बाकीच्या बाया करत्यात का ते मला माहीत नाय, मी करते. तो हार ह्या बाई हातात घ्यायच्या. मी आत गेले नाय. मूर्ती नेली नाय. पण हार उष्टे दिले... ते खरं हाय."

काकूंनी मान फिरवली. पुढे त्यांनी आत्याचा हार कधीच घेतला नाही, आणि ऐकून आणखी बऱ्याच घरांनी बंद केला. गल्लेवाली मात्र पायऱ्यांवर आत्याच्या शेजारी येऊन बसली. "एकटीच्या अंगावर घेतलंस व्हय गं भवाने?" म्हणाली आणि डोळे पुसायला लागली. दुसऱ्या दिवशी ओळीतल्या प्रत्येक ओट्यावर कात्री आली. कुणी कारण विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही.

माझा संशय अजून गेलेला नाही. कडीवरचा तो तिसरा माणूस कोण, हे आजही कुणाला माहीत नाही आणि कुणी शोधतंय असंही दिसत नाही. मूर्ती सापडलेली नाही. त्यामुळे सुटलेल्या बाईकडेच बोट दाखवणं लोकांना सोपं पडतं. तिच्या दहाव्यालासुद्धा पडलं. कुणाचा डीएनए मिळाला असं पेपरात वाचलं, की मी आता पहिल्यांदा विचारते, किती मिळाला, आणखी कुणाकुणाचा मिळाला, आणि तिथवर पोचला कसा? हे विचारायला मला कॉलेजात शिकवलं होतं. उत्तर देताना काय काय गमवावं लागतं, ते मी आत्याकडे पाहून शिकले.

गंगेवरच्या त्या माणसाला मी तेव्हाच उत्तर दिलं, इथे लिहूनही देते. हो, चोरीच्या केसमधली ती हीच. गयाबाई आत गेल्याचं किंवा तिने चोरी केल्याचं सिद्ध होत नाही, असं न्यायालयाने निकालात म्हटलं आणि तिची निर्दोष मुक्तता केली. निकाल वाचला गेला तेव्हा ती समोर उभी होती आणि तिने तो स्वतःच्या कानांनी ऐकला.